थिसिसचा डेटा गोळा करण्याआधी: क्लिनिकल रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स ऑनलाइन शिकायचा एक क्रम

दरवर्षी थिसिस सबमिशन जवळ आलं की मला ज्युनियर्सचे फोन सुरू होतात आणि वाक्य जवळजवळ तेच असतं. "मॅडम, शंभर पेशंट झाले, मास्टर चार्ट तयार आहे, आता स्टॅटिस्टिक्सची कुठली टेस्ट लावू?" मला त्या मुलांचा राग अजिबात येत नाही, वाईट वाटतं, कारण त्या वेळी खूप उशीर झालेला असतो आणि दीड वर्ष ड्युट्या सांभाळून गोळा केलेल्या कागदांमधून काय निघणार हे पहिल्या पेशंटच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

माझंही पीजीत हेच झालं होतं. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर थिसिस होता, निम्म्या पेशंट्सचा पेन स्कोअर २४ तासांनी घेतलेला आणि उरलेल्यांचा जमेल तेव्हा. स्टॅटिस्टिशियन सरांनी पाच मिनिटं चार्ट बघितला आणि शांतपणे विचारलं, "यातला मुख्य आउटकम कुठला?" मुख्य आउटकम म्हणजे ज्यावरून स्टडीचा निकाल ठरणार ते एक माप, आणि माझ्याकडे उत्तरच नव्हतं. त्यानंतर मी हे सगळं घरी बसून, मोबाइलवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर, पहिल्यापासून शिकले आणि गेली काही वर्षं ज्युनियर्सना त्याच क्रमाने शिकवते. एमडी-एमएसवाले, एमडीएसवाले, आयुर्वेदाचे पीजी, फिजिओ, एमएस्सी नर्सिंग, सगळ्यांना हा क्रम चालतो. आठवड्याला चार तास दिले तर अडीच-तीन महिने लागतात.

आधी एक प्रश्न, कोर्स नंतर

बहुतेक जण आधी कोर्स लावतात, पहिल्या आठवड्यात मीन-मीडियन-मोड बघतात, दुसऱ्या आठवड्यात नाइट येते आणि तिथेच सुटतं. म्हणून मी सांगते की पहिले तीन-चार दिवस व्हिडिओ लावूच नका, एक वही घ्या आणि तुमच्या वॉर्डातला एक प्रश्न लिहा. थिसिसचा विषय ठरला असेल तर तोच, नसेल तर ओपीडीत जे रोज खटकतं ते. मग पुढचं जे जे शिकाल ते त्या एकाच प्रश्नावर लावून बघायचं, त्याशिवाय काही डोक्यात राहत नाही.

उदाहरण घेऊ. एएनसी, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या, ओपीडीत ॲनिमिया असलेल्या बायका येतात, लोहाच्या गोळ्या रोज घेतल्या की मळमळतं म्हणून मधेच सोडून देतात. तर प्रश्न पडतो, एक दिवसाआड गोळी दिली तर? हा झाला ओपीडीतला प्रश्न, अजून रिसर्चचा नाही. आता वहीत चार ओळी लिहायच्या, यालाच पिको म्हणतात. कुणावर: १४ ते २८ आठवड्यांच्या गरोदर बायका, हिमोग्लोबिन ७ ते ९.९. काय देणार: एक दिवसाआड गोळी. कशाशी तुलना: रोज गोळी. काय मोजणार: ८ आठवड्यांनी हिमोग्लोबिन किती वाढलं.

शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. "हिमोग्लोबिन वाढलं का" असं लिहून भागत नाही. आठ आठवडे म्हणजे बरोबर ५६ वा दिवस की आधी-नंतर चार दिवस चालतील? कुठल्या मशीनवर? सुरुवातीचं पीएचसीत बोट टोचून आणि नंतरचं कॉलेजच्या ॲनालायझरवर असं झालं तर जो फरक दिसेल तो मशीनचा की गोळीचा, हे नंतर जगातला कुठलाही स्टॅटिस्टिशियन सांगू शकणार नाही. बाई बाळंतपणाला माहेरी गेली तर? हे प्रश्न आता वहीत सोडवायचे.

आणि एक गोष्ट इथेच तपासा, तुम्हाला "नवीन पद्धत जास्त चांगली" हे दाखवायचंय का "नवीन पद्धत जुनीइतकीच चांगली, पण त्रास कमी" हे? दुसरं असेल तर तो नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल होतो, त्याचं डिझाइन आणि सॅम्पल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे तो आकडा, वेगळं असतं. फरक सापडला नाही म्हणजे दोन्ही सारखे, असं म्हणता येत नाही.

कोर्स कुठले

एमडी-एमएसवाल्यांना एक कोर्स तर करावाच लागतो, चेन्नईच्या आयसीएमआरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च, एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी पोर्टलवर. शिकायला फुकट आहे, परीक्षेला फी आहे. माझं प्रामाणिक मत सांगते, लोक हा फक्त सर्टिफिकेटसाठी करतात, शेवटच्या दोन दिवसांत असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात, आणि हे फार मोठं नुकसान आहे कारण कोर्स खरंच चांगला आहे. लेक्चर्स छोटी आहेत, आपल्या देशातल्या उदाहरणांवर आहेत, आणि प्रश्न कसा मांडायचा तिथपासून पेपर कसा लिहायचा तिथपर्यंत सगळं येतं. एका बैठकीत दोनच लेक्चर्स बघा आणि प्रत्येकानंतर व्हिडिओ बंद करून वहीतल्या तुमच्या प्रश्नाखाली दोन ओळी लिहा, की हे माझ्या स्टडीत कुठे लागू होतं.

त्यानंतर ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी अमेरिकेच्या एनआयएच क्लिनिकल सेंटरचा क्लिनिकल रिसर्चची तत्त्वं शिकवणारा कोर्स आहे, तोही फुकट, फक्त लेक्चर्स लांब आहेत आणि कायदेकानूंचा भाग तिकडचा आहे, तो सोडून दिला तरी चालतं. कोर्सेरा आणि एडएक्सवर जॉन्स हॉपकिन्स, हार्वर्डचे बायोस्टॅटिस्टिक्सचे कोर्स आहेत, पण फुकटात किती बघायला मिळतं ते कोर्सप्रमाणे बदलतं, नोंदणी करताना नीट वाचा, नाहीतर कार्डावरून पैसे कापले जातात. ड्रग ट्रायलमध्ये काम करणार असाल तर गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे ट्रायल कसा चालवायचा याच्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनचं, सर्टिफिकेट लागतं, ते ग्लोबल हेल्थ नेटवर्कवर फुकट होतं, फक्त त्या गाइडलाइनची नवी आवृत्ती, आर३, जानेवारी २०२५ मध्ये आलीय तेव्हा कोर्स कुठल्या आवृत्तीवर आहे ते बघून घ्या.

आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑल्टमन आणि ब्लँड यांनी १९९४ पासून स्टॅटिस्टिक्स नोट्स म्हणून एक-एक पानाची टिपणं लिहिली. एक टिपण, एक कल्पना. रात्री ड्युटी रूममध्ये झोपण्याआधी एक वाचायचं. एका वेळी कोर्स एकच ठेवा, बास.

डिझाइन: इथे थांबा, घाई करू नका

कोर्समध्ये डिझाइनचे प्रकार एका स्लाइडवर येतात, कोहॉर्ट, केस-कंट्रोल, क्रॉस सेक्शनल (एकाच वेळी तपासून प्रमाण बघायचं), आरसीटी (कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठीने, म्हणजे रँडमाइज करून, ठरवायचं), आणि पोरं ते पाठ करतात. पाठ करू नका. खरे चार स्टडी घ्या आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, हे असंच का केलं?

पहिला १९४८ चा ब्रिटनचा, टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा ट्रायल. युद्ध नुकतंच संपलेलं, औषध अगदी थोडं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं. स्टॅटिस्टिशियन ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रँडम नंबर वापरून बंद पाकिटं तयार केली, पेशंट ट्रायलमध्ये घ्यायचा हे ठरल्यावरच पाकीट उघडायचं. आता ही बंद पाकिटाची गोष्ट नीट समजून घ्या कारण आपल्याकडच्या थिसिसमध्ये "रँडमाइज केलं" असं लिहितात आणि प्रत्यक्षात एक इकडे एक तिकडे, नाहीतर सोमवारचे पेशंट एका ग्रुपला आणि मंगळवारचे दुसऱ्याला, असं केलेलं असतं. त्यात पुढचा पेशंट कुठल्या ग्रुपला जाणार हे आधीच माहीत असतं, मग नकळत आपण जास्त आजारी पेशंटला "हा उद्या घेऊ" म्हणतो. तिथेच सगळं बिघडतं. पुढच्याची चिठ्ठी कुणालाही आधी दिसता कामा नये, याला अलोकेशन कन्सीलमेंट म्हणतात आणि ब्लाइंडिंगपेक्षा, म्हणजे कुणाला काय दिलं ते नंतर लपवून ठेवण्यापेक्षा, ही वेगळी गोष्ट आहे. ब्लाइंडिंग सर्जरीत किंवा फिजिओत जमत नाही बऱ्याचदा, पण पाकीट बंद ठेवणं सगळ्यांना जमतं. त्या ट्रायलमध्येही औषध इंजेक्शनचं होतं, पेशंटपासून लपवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी काय केलं तर एक्स-रे वाचणाऱ्यांना कुठला पेशंट कुठल्या ग्रुपचा ते सांगितलं नाही. हे आपल्याला कुठल्याही जिल्हा रुग्णालयात करता येईल.

दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं. पाळी गेल्यावर हार्मोन्स घेणाऱ्या बायकांना हार्ट ॲटॅक कमी येतात असं कित्येक ऑब्झर्वेशनल, म्हणजे नुसतं निरीक्षण करणाऱ्या, स्टडीजमध्ये दिसलं होतं, मोठमोठ्या कोहॉर्टमध्ये. मग अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हने १६,६०८ बायकांना रँडमाइज केलं आणि २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनी, तो भाग मधेच थांबवावा लागला कारण हार्मोन्सच्या ग्रुपमध्ये ब्रेस्ट कॅन्सर आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला आणि एकूण फायद्यापेक्षा तोटा जास्त दिसला, आणि हृदयविकारही उलट जास्तच होता, हॅझर्ड रेशो १.२९, म्हणजे धोका साधारण २९ टक्के जास्त. यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली, वय, हार्मोन्स कधी सुरू केले, हे सगळं. पण शिकणाऱ्याने एवढं धरायचं की हार्मोन्स स्वतःहून घेणाऱ्या बायका मुळातच जास्त सुस्थितीतल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. म्हणजे आधीच्या स्टडीजमध्ये दिसलेला फायदा हार्मोन्सचा नसून या सुस्थितीचा असू शकतो, याला कन्फाउंडिंग म्हणतात. तुमच्या स्टडीत असा तिसरा घटक कुठला असू शकतो ते आत्ताच वहीत लिहा.

तिसरं आपल्या गडचिरोलीचं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं, त्या दवाखान्यात येण्याची वाट न बघता गावात जाऊन, आणि ९२ टक्क्यांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही सापडलं, तर आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. डिझाइन म्हणून बघितलं तर साधा क्रॉस सेक्शनल, त्यात गुंतागुंतीचं स्टॅटिस्टिक्स काहीच नाही, टक्केवारी. हाच स्टडी ओपीडीत केला असता तर त्या उरलेल्या बायका दिसल्याच नसत्या. पेशंट कुठून घेतले यावर उत्तर अवलंबून असतं, आणि कॉलेजच्या ओपीडीत बसून "महाराष्ट्रातील महिलांमधील प्रमाण" असं शीर्षक देणाऱ्यांनी हा पेपर जरूर वाचावा.

चौथं मुंबईचं. टाटा मेमोरियलच्या टीमने वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी व्हिनेगर लावून तपासायची पद्धत बघितली, दीड लाखाच्या आसपास बायका. यात एकेका बाईला रँडमाइज केलं नाही, वस्त्यांचे २० गट, म्हणजे क्लस्टर्स, केले, कारण एकाच चाळीतल्या एका बाईला तपासणी आणि शेजारणीला नाही, असं चालत नाही, त्या एकमेकींशी बोलतात. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तुमची योजना शाळेवर, वॉर्डवर किंवा गावावर लागू होणार असेल तर तुमचाही क्लस्टरच आहे, आणि मग सॅम्पल साइज साध्या फॉर्म्युल्याने काढून चालत नाही.

रेट्रोस्पेक्टिव्ह कोहॉर्ट आणि केस-कंट्रोल यात सगळ्यांचा गोंधळ होतो. जुने केसपेपर काढले म्हणजे केस-कंट्रोल होत नाही. सुरुवात कुठून केली ते बघा. आजार झालेले आणि न झालेले निवडून मागे गेलात तर केस-कंट्रोल, एक्स्पोजर, म्हणजे ज्या कारणाचा संशय आहे ते, असलेले आणि नसलेले निवडून पुढे काय झालं ते रेकॉर्डमध्ये शोधलंत तर कोहॉर्ट. केस-कंट्रोलमध्ये ऑड्स रेशो (दोन्ही गटांत एक्स्पोजर असलेले भागिले नसलेले, आणि त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर) काढायचा, दोन गटांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, म्हणजे रिलेटिव्ह रिस्क, नाही, कारण किती केसेस घ्यायच्या हे तुम्हीच ठरवलेलं असतं.

एक टेबल हाताने सोडवा

आता स्टॅटिस्टिक्स. सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एकदा कागदावर, मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन. तोच १९४८ चा ट्रायल: सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन ग्रुपमध्ये ५५ पैकी ४ गेले, नुसत्या बेड रेस्टच्या ग्रुपमध्ये ५२ पैकी १४. दोन रांगा, दोन रकाने, बस.

४ भागिले ५५ म्हणजे ७.३ टक्के. १४ भागिले ५२ म्हणजे २६.९ टक्के. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.२७, हा झाला रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे औषधाने मृत्यूचा धोका साधारण पाव उरला. आता वजाबाकी करा, १९.६ टक्के, हा झाला दोघांतला खरा फरक. १०० ला १९.६ ने भागा, साधारण ५, म्हणजे पाच जणांना औषध दिलं की सहा महिन्यांत एक मृत्यू टळतो. एकाच टेबलातून तीन आकडे निघाले आणि तिन्ही वेगळं बोलतात. औषध कंपनीचा माणूस येऊन "७३ टक्के घट" म्हणतो तेव्हा तो पहिला आकडा सांगत असतो. त्याला दुसरा विचारायचा.

आता हेच जमोवीत टाका. जमोवी हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि ते आतून आर या भाषेवर चालतं पण कोड लिहावा लागत नाही. शीटमध्ये तीन कॉलम करा, ग्रुप, निकाल आणि संख्या, चार रांगा भरा. मग ॲनालिसिसमध्ये फ्रिक्वेन्सीज, त्यात इंडिपेंडंट सॅम्पल्सवाला काय-स्क्वेअर (टक्केवाऱ्यांची तुलना करणारी टेस्ट), ग्रुप रांगेत, निकाल कॉलममध्ये आणि संख्या काउंट्सच्या चौकटीत ओढून टाका. खाली स्टॅटिस्टिक्समध्ये रिलेटिव्ह रिस्क, प्रमाणांतला फरक आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल यांना टिक करा. काय-स्क्वेअर ७.३८ येतो, पी ०.००७ च्या आसपास, पी म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता. फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ५.८ ते ३३.५ येतो. माझ्या ज्युनियर्सना मी सांगते की पी बघायच्या आधी हा इंटरव्हल बघा. औषधाचा फायदा ६ टक्क्यांइतका छोटा किंवा ३३ टक्क्यांइतका मोठाही असू शकतो, १०७ पेशंटमध्ये याहून नेमकं सांगता येत नाही, हे तो इंटरव्हल सांगतो. पी एकटा हे सांगत नाही.

आणि या टेबलाची पुढची गोष्ट. पाच वर्षांनी बघितलं तेव्हा ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५ गेलेले होते. एकटं औषध दिल्यामुळे टीबीचे जंतू त्याला दाद देईनासे झाले. ५८ टक्के आणि ६७ टक्के, फरक बराचसा विरून गेला. पहिल्या पायरीवर आउटकम कधी मोजणार हे लिहायला सांगितलं ते यासाठी.

हे टेबल हाताने केल्यावर ओपनएपी या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये पण टाकून बघा, ते ब्राउझरमध्येच चालतं, मोबाइलवरही. तीन ठिकाणी तेच उत्तर आलं की भीती जाते. आर शिकायचं की नाही असं बरेच जण विचारतात. रिसर्चमध्येच राहणार असाल तर नक्की शिका. थिसिसपुरतं जमोवी पुरतं. आणि एसपीएसएस हे विकतचं सॉफ्टवेअर क्रॅक करून वापरू नका, गरजच नाही.

सॅम्पल साइज

"शंभर घे" हे सॅम्पल साइज नाही. कुणीही सांगितलेलं असलं तरी.

प्रमाण काढायचा स्टडी असेल तर आपल्याकडे सगळे ४ पीक्यू भागिले एल वर्ग वापरतात, पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे किती चूक चालेल. फॉर्म्युला ठीक आहे, घोटाळा एल मध्ये होतो. समजा आधीच्या स्टडीत प्रमाण १० टक्के आहे. एल पाच टक्के ॲब्सोल्यूट धरला तर ४ गुणिले १० गुणिले ९० भागिले २५, म्हणजे १४४. आणि एल "प्रमाणाच्या १० टक्के" असा रिलेटिव्ह धरला तर एल होतो १, आणि उत्तर येतं ३६००. एकच फॉर्म्युला, एकच प्रमाण, १४४ किंवा ३६००. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, कुठला धरला ते स्पष्ट लिहा. आणि हेही बघा की १० टक्क्यांना पाच इकडे पाच तिकडे म्हणजे ५ ते १५, एवढी ढोबळ रेंज तुम्हाला खरंच चालणार आहे का?

दोन ग्रुपच्या सरासरीची तुलना असेल तर ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि ८० टक्के पॉवरला (पॉवर म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता) प्रत्येक ग्रुपमध्ये साधारण १५.७ गुणिले एसडीचा वर्ग भागिले फरकाचा वर्ग, एसडी म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते. आपल्या लोहाच्या उदाहरणात, समजा आपल्याला "एकाची वाढ दुसऱ्यापेक्षा जास्त" हे बघायचंय, एसडी १ ग्रॅम आणि पकडायचा फरक अर्धा ग्रॅम, तर ६३ बायका प्रत्येक ग्रुपला, त्यात १५ टक्के सुटतील धरून ६३ भागिले ०.८५, म्हणजे ७५. फरक १ ग्रॅम धरला तर १६ वरच काम भागतं. म्हणून मोह होतो मोठा फरक धरायचा. धरू नका. पेशंटच्या दृष्टीने किमान किती फरक पडला तर आपण आपली प्रॅक्टिस बदलू, तो आकडा धरायचा आणि तो गाइडशी, युनिटच्या सरांशी बोलून ठरवायचा. स्टॅटिस्टिशियन तो सांगू शकत नाही.

टक्केवारीतही तेच. २७ विरुद्ध ७ टक्के पकडायला ग्रुपला ५२ च्या आसपास पुरतात, पण २७ विरुद्ध १७ पकडायला २६६ लागतात. फरक निम्मा झाला, पेशंट पाचपट. तुमच्याकडे वर्षाला तेवढे पेशंट येतच नसतील तर आत्ताच प्रश्न बदला, रजिस्टर काढून मागच्या वर्षाचे मोजा, अंदाजाने बोलू नका.

मास्टर चार्ट

एक रांग म्हणजे एक पेशंट, एक कॉलम म्हणजे एक गोष्ट. रंग भरून माहिती साठवू नका, सॉफ्टवेअरला रंग दिसत नाहीत. "११.५ ग्रॅम" असं लिहिलं की तो कॉलम अक्षरांचा होतो, नुसतं ११.५ लिहा आणि एकक कॉलमच्या नावात. मी एकदा एका मुलीच्या चार्टमध्ये बघितलं, लिंगाच्या कॉलममध्ये सॉफ्टवेअर पाच प्रकार दाखवत होतं, एक मोठं एम, एक छोटं एम, एक मेल, एक फिमेल आणि एक एम ज्याच्या मागे चुकून स्पेस पडलेली. तिची पूर्ण रात्र ती साफ करण्यात गेली. १ आणि २ असे कोड ठरवा, एक्सेलमध्ये डेटा व्हॅलिडेशन लावा म्हणजे तिसरं काही टाइपच होणार नाही, आणि कोडची यादी वेगळ्या शीटवर ठेवा.

माहिती मिळाली नाही तर सेल रिकामा, शून्य नाही. शून्य म्हणजे मोजलं आणि शून्य आलं. पेशंटचं नाव, मोबाइल नंबर या फाइलमध्ये नको, स्टडी नंबर फक्त, आणि नाव-नंबरची जोडणी वेगळी, कुलपात. कोबोटूलबॉक्ससारखं फुकटचं काहीतरी वापरलं तर मोबाइलवरच फॉर्म भरता येतो, नेट नसलं तरी. पहिले दहा पेशंट झाले की थांबा आणि चार्ट उघडून बघा, कुठला कॉलम कुणीच भरत नाहीये ते लगेच कळतं.

कुठली टेस्ट

आता फोनवरच्या त्या प्रश्नाकडे येते. वरचं सगळं केलं असेल तर याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. आउटकम टक्केवारी आहे की आकडा? ग्रुप किती? तीच माणसं दोनदा मोजलीत की वेगवेगळी माणसं? टक्केवारी आणि वेगळी माणसं, काय-स्क्वेअर, सेलमधल्या अपेक्षित संख्या फारच कमी असतील तर फिशर. आकडा आणि दोन वेगळे ग्रुप, टी टेस्ट किंवा मॅन-व्हिटनी. तीच माणसं आधी-नंतर, पेअर्ड टी टेस्ट किंवा विल्कॉक्सन. तीच माणसं आधी-नंतर असताना साधी टी टेस्ट लावलेली मी फार बघितलीय, ती चूक आहे.

सरासरी द्यायची की मीडियन (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा), यासाठी एक छोटा हिशोब करून बघा. आठ पेशंट वॉर्डात राहिले ३, ३, ४, ४, ५, ५, ६ आणि ४० दिवस. सरासरी ८.७५, पण आठातले सात जण तितके राहिलेच नाहीत. मीडियन ४.५. एसडी येतो १२.७, म्हणजे सरासरीतून एकदा जरी एसडी वजा केला तर मायनस ४ दिवस. पेपरमध्ये असं सरासरीपेक्षा मोठं एसडी दिसलं, आणि ती गोष्ट शून्याखाली जाऊ शकत नसेल, की समजायचं डेटा एका बाजूला ओढलेला आहे आणि इथे मीडियन हवा होता.

दोन मशीनचं माप जुळतं का हे बघायला कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे सोबत वाढतात-घटतात का ते, काढू नका. एक मशीन नेहमी २ ग्रॅम जास्त दाखवत असलं तरी कोरिलेशन १ येईल. त्यासाठी ब्लँड-ऑल्टमन प्लॉट, म्हणजे दोन मापांतला फरक दाखवणारा आलेख, असतो.

आणि पी ०.०५ पेक्षा कमी येईपर्यंत टेस्ट लावत बसायचं नाही. कशाचाच काही संबंध नसताना २० वेगवेगळ्या टेस्ट लावल्या तर निदान एक तरी सिग्निफिकंट, म्हणजे पी ०.०५ पेक्षा कमी, यायची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य आउटकम एक, आधी लिहून ठेवलेला.

एथिक्स, सीटीआरआय, आणि स्टॅटिस्टिशियनकडे कधी जायचं

ट्रायल असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय या देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी रजिस्टरमध्ये नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी झालीच पाहिजे, १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. साइटवर खातं उघडून फॉर्म भरायला एक संध्याकाळ लागते, पण शंका येतात, परत पाठवतात, त्यात काही आठवडे जातात, तो वेळ धरून चला. फॉर्ममध्ये मुख्य आउटकम आणि तो कधी मोजणार हे विचारतात. वहीतल्या चार ओळी इथे जशाच्या तशा उतरतात.

रिपोर्टिंगच्या चेकलिस्ट इक्वेटर नेटवर्कच्या साइटवर फुकट मिळतात, ऑब्झर्वेशनलसाठी स्ट्रोब, त्यात २२ मुद्दे, आणि ट्रायलसाठी कन्सॉर्ट, २०२५ च्या आवृत्तीत ३० मुद्दे. लोक या पेपर पाठवताना भरतात. तुम्ही सिनॉप्सिस लिहिताना समोर ठेवा, कारण "किती जण सुटले आणि का" हे विचारणारा मुद्दा नंतर वाचून उपयोग नाही, त्याची नोंद पहिल्या दिवसापासून लागते.

आणि स्टॅटिस्टिशियनकडे आत्ता जा. सोबत तीन कागद न्या: वहीतला पिको, सॅम्पल साइजचा हिशोब कुठले आकडे धरून केला त्यासकट, आणि रिकामी टेबलं. रिकामी टेबलं म्हणजे थिसिसच्या रिझल्टमध्ये जी चार-पाच टेबलं येणार ती आत्ताच आखायची, शीर्षक, रांगा, रकाने सगळं लिहून, फक्त आकडे नाहीत. हे करायला बसलात की ज्या रकान्यासाठी तुम्ही काहीच गोळा करत नाही आहात तो लगेच समोर येतो, आणि प्रोफॉर्मात, म्हणजे पेशंटची माहिती भरायच्या फॉर्ममध्ये, जे पन्नास प्रश्न टाकलेत त्यातले तीस कुठल्याच टेबलात जात नाहीत तेही दिसतं. ते तीस काढून टाका, पेशंटचाही वेळ वाचेल. मागच्या वर्षी एक ऑर्थोचा मुलगा अशी टेबलं घेऊन आला होता, डेटा गोळा करायच्या चार महिने आधी. आम्ही अर्धा तास बसलो, एक टेबल खोडलं, फॉलो-अपची तारीख सहा आठवड्यांवरून तीन महिन्यांवर नेली, कारण हाड जुळलं की नाही ते त्याच्या फ्रॅक्चरमध्ये सहा आठवड्यांत कळणारच नव्हतं. तो उठताना म्हणाला, "मॅडम, मग टेस्ट कुठली?" मी त्याचंच पहिलं टेबल त्याच्यापुढे सरकवलं, आणि त्यानेच सांगितलं, काय-स्क्वेअर.